स्काउटिंगमधले निसर्गसंवर्धनाचे पुरस्कार : पालक आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत मूल स्काउटिंगला जायला लागलं की ईगल म्हणजे स्काउटिंगमधला सर्वोच्च दर्जा, हे घरात सगळ्यांना महिन्याभरात कळतं. पण निसर्गसंवर्धनाच्या कामासाठी एक वेगळा, ईगलपेक्षाही दुर्मीळ सन्मान आहे, हे फार थोड्या मराठी घरांना ठाऊक असतं. मी आमच्या ट्रूपच्या, म्हणजे स्थानिक स्काउट तुकडीच्या, कमिटीवर आहे. या सन्मानासाठी झटणाऱ्या मुलांबरोबर जंगलात, ओढ्याकाठी आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बरेच तास काढले आहेत. दर वर्षी नवे पालक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

हा पुरस्कार नेमका कोणता?

त्याचं आजचं नाव ‘डिस्टिंग्विश्ड कॉन्झर्वेशन सर्व्हिस अवॉर्ड’. देणारी संस्था स्काउटिंग अमेरिका, म्हणजे फेब्रुवारी २०२५पर्यंत जिचं नाव बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका होतं तीच. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनासाठी खरोखर मोठं, टिकाऊ काम केलेल्या मुलांना हा मिळतो. संपूर्ण ट्रूपला आणि मोठ्या माणसांनाही त्यात वेगळे सन्मान आहेत, पण मी इथे मुलांपुरतंच बोलते.

जुने स्काउटर ‘हॉर्नडे मेडल’ म्हणतात ते हेच का?

वंश तोच, नाव वेगळं. आणि नाव का बदललं हे मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

विल्यम टेम्पल हॉर्नडे हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचा पहिला संचालक. त्याआधी तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून नमुने उभे करण्याचं काम करायचा. १८८६ साली तो बायसनचे नमुने आणायला मोंटानात गेला, तेव्हा एके काळी काही कोटींच्या संख्येने फिरणारे कळप जवळजवळ नाहीसे झाल्याचं त्याने डोळ्यांनी पाहिलं. नमुन्यांसाठी त्याने स्वतःही बायसन मारले. पण परतला तो हा प्राणी वाचवायचाच असं ठरवून. १८८९मध्ये त्याने मोजदाद छापली, तेव्हा उत्तर अमेरिकेत सगळे मिळून हजाराच्या आसपास बायसन उरले होते. पुढे १९०५ साली अमेरिकन बायसन सोसायटी उभी राहिली, आणि १९०७मध्ये ब्राँक्समध्ये वाढवलेले १५ बायसन आगगाडीने ओक्लाहोमातल्या विचिटा माउंटन्सच्या राखीव क्षेत्रात नेऊन सोडले. आज तिथे फिरणारा कळप त्यांचाच. १९१४ साली हॉर्नडेने वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्काउटला द्यायचं पदक सुरू केलं. १९३७मध्ये तो वारल्यावर त्या पदकाला त्याचं नाव दिलं गेलं.

याच माणसाच्या कारकिर्दीत, सप्टेंबर १९०६मध्ये, काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला ब्राँक्सच्या माकडघरात लोकांना बघण्यासाठी ठेवलं होतं. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी कडाडून विरोध केला, तेव्हा त्याला तिथून हलवलं. हॉर्नडेने त्या प्रदर्शनाचं समर्थनच केलं होतं. ओटा बेंगाने १९१६ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे स्वतःचं आयुष्य संपवलं. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने २०२०च्या जुलैमध्ये याबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच वर्षी स्काउटिंगने हॉर्नडेचं नाव काढून पुरस्काराला आजचं नाव दिलं.

माझ्या मुलीने तेव्हा विचारलं होतं, “मग बायसन वाचवले ते खोटं का?” खोटं नाही. एकाच माणसाने दोन्ही केलं. ज्यांना जुन्या नावाने पदक मिळालं त्यांच्या कामाला यामुळे जराही उणेपणा येत नाही. पण ज्या पदकावर माणसाचं नाव कोरायचं, त्या माणसाने दुसऱ्या माणसाला पिंजऱ्याशी उभं केलेलं नसावं, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

मुलींना मिळतो का? वयाची अट काय?

हो, मिळतो. फेब्रुवारी २०१९पासून स्काउट्स बीएसएमध्ये, म्हणजे संस्थेच्या ट्रूप असलेल्या मुख्य शाखेत, मुलींचे ट्रूप आहेत. स्काउट्स बीएसएमधल्या मुलांनी सगळं काम अठराव्या वाढदिवसाआधी पुरं करायचं असतं. व्हेंचरिंगमध्ये, म्हणजे मोठ्या वयाच्या मुलामुलींच्या शाखेत, असलेल्यांना त्यानंतरही मुदत मिळते. फर्स्ट क्लास हा ईगलच्या वाटेवरचा दर्जा मिळेपर्यंत मात्र याच्या मागे लागू नये. आधी नकाशा, कुऱ्हाड, प्रथमोपचार आणि तंबू अंगवळणी पडू द्यावेत.

कोणते मेरिट बॅज लागतात?

मेरिट बॅज म्हणजे एकेका विषयातलं ठरलेलं काम पुरं केल्याची खूण. इथे पाया पर्यावरणशास्त्राचा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल सायन्स. त्याच्या भोवती माती आणि पाणी, मासे आणि वन्यजीव, वनशास्त्र, ऊर्जा, वनस्पतिशास्त्र, पक्षी, कीटक, सस्तन प्राणी अशा विषयांचे बॅज. कोणत्या पातळीला कोणते आणि किती, हे चालू वर्षाच्या वर्कबुकमधूनच बघा. दादा-ताईंच्या जुन्या फायलीतली यादी वापरू नका, नाव बदललं तेव्हा नियमही हलले आहेत.

बॅज आधी आणि प्रकल्प नंतर, असा क्रम मुलं लावतात. माझं मत उलट आहे. ओढ्याच्या प्रकल्पाचा विचार डोक्यात असेल तर माती-पाण्याचा बॅज नुसत्या सह्या गोळा करून होत नाही, त्यातलं सगळं कामाला येतं.

प्रकल्प कोणत्या विषयातला हवा?

परंपरेने आठ विभाग चालत आले आहेत : ऊर्जाबचत, माती व पाण्याचं संवर्धन, मासे व वन्यजीव व्यवस्थापन, वन व कुरण व्यवस्थापन, हवा व पाण्याच्या प्रदूषणावर नियंत्रण, टाकाऊचा पुनर्वापर, घातक पदार्थांची विल्हेवाट, आणि आक्रमक प्रजातींचं नियंत्रण. एकाहून अधिक प्रकल्प करायचे तर ते वेगवेगळ्या विभागांतले असावे लागतात. जुन्या पद्धतीत हॉर्नडे बॅजसाठी (हा मेरिट बॅज नव्हे, पुरस्काराचीच खालची पातळी) एक, कांस्यपदकासाठी तीन आणि रौप्यपदकासाठी चार प्रकल्प लागायचे. इतकं करून पदकापर्यंत पोचलेली मुलं शंभर वर्षांत फार थोडी आहेत.

एक दिवस पार्कात कचरा उचलला किंवा झाडं लावली, तर चालेल का?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त हिरमोडही इथेच होतो.

कचरा उचलणं चांगलंच आहे, दर महिन्याला करा. पण पुढच्या शनिवारी तिथे पुन्हा कचरा असतो. या पुरस्कारात परीक्षक विचारतात : इथे मुळात काय बिघडलं होतं? ते कशामुळे बिघडलं? तू काय केलंस, आणि त्याने फरक पडला हे तुला कशावरून कळलं? या चारही प्रश्नांना उत्तर असेल तर तो प्रकल्प. नाहीतर ती सेवा, आणि सेवेचे तास वेगळे मोजले जातात.

झाडांबद्दल मला स्वतःच्या अनुभवाचं बोलायचं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रूपने एका वसंतात चाळीस रोपं लावली. फोटो निघाले, सगळे खूश. जूनमध्ये मुलं समर कॅम्पला गेली, जुलै कोरडा गेला, पाणी कोणीच घातलं नाही. उरलेली रोपं हिवाळ्यात हरणांनी खाल्ली. पुढच्या वसंतात मी मोजायला गेले तर सहा जिवंत होती. त्या दिवसापासून कुठल्याही मुलाने “झाडं लावायची आहेत” म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, पुढची दोन वर्षं पाणी कोण घालणार आणि हरणांपासून जाळी कोण लावणार? याचं उत्तर कागदावर आलं की मग कोणती झाडं हा प्रश्न. आणि तीही त्याच प्रदेशातली हवीत. मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड, म्हणजे त्यांच्या अळ्यांचं खाद्य असलेली वनस्पती, लावणाऱ्यांना विशेष सांगते : दक्षिणेच्या उबदार राज्यांत दुकानातलं उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड हिवाळ्यातही मरत नाही, त्यामुळे मोनार्कच्या अंगावरचे परजीवी त्याच्यावर साठत राहतात. मदत करायला जाऊन आपणच रोग पसरवतो.

सल्लागार कोण असतो, आणि तो शोधायचा कुठे?

संवर्धन सल्लागार, म्हणजे कॉन्झर्वेशन अ‍ॅडव्हायझर, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. त्या विषयाचं प्रत्यक्ष काम करणारा किंवा केलेला तज्ज्ञ हवा : वनाधिकारी, मत्स्यजीवशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ, निसर्गकेंद्राचा व्यवस्थापक. काउन्सिलकडे, म्हणजे स्काउटिंगच्या आपल्या भागातल्या कार्यालयाकडे, नावं असू शकतात. नसली तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला किंवा काउंटीच्या सॉइल अँड वॉटर कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टला फोन करा. अशी सुमारे ३,००० डिस्ट्रिक्ट्स देशभर आहेत. १९३०च्या दशकात मैदानी राज्यांची माती धुळीच्या वादळांत उडून गेली, त्या धड्यातून ती उभी राहिली. शेतकऱ्याला सल्ला देणं हेच त्यांचं काम असल्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही ती माणसं जमिनीकडे बघायला फार छान शिकवतात.

फोन मुलानेच करायचा. आपण शेजारी बसावं, चिठ्ठीवर मुद्दे लिहून द्यावेत हवं तर, पण “नमस्कार, मी अमुक ट्रूपचा स्काउट” हे त्याच्याच तोंडून यायला हवं. आणि फोनवर “मला अमुक करायचं आहे” म्हणण्यापेक्षा “तुमच्या जागेवर कोणतं काम अडून राहिलंय?” असं विचारलं तर दार लवकर उघडतं. जागेला काय हवंय हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आक्रमक वनस्पती काढण्याचा प्रकल्प सोपा असतो म्हणतात. खरं का?

सुरुवात सोपी, शेवट अवघड. तरीही मिडवेस्टमधल्या मुलांना मी हाच सुचवते, कारण फरक डोळ्यांना दिसतो.

गार्लिक मस्टर्डचं उदाहरण घ्या. युरोपातून आलेली ही वनस्पती. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, त्यामुळे आठ वर्षांचं पोरही ती ओळखतं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा गुच्छ, दुसऱ्या वर्षी दांडा, पांढरी फुलं आणि मग बी. एकदा बी पडलं की ते मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. म्हणजे एका वसंतात सगळी रोपं उपटली तरी पुढच्या वसंतात नवी उगवणारच. म्हणून फुलं येताच, बी धरण्याआधी उपटायचं. उपटलेली रोपं तिथेच ढीग करून टाकायची नाहीत, फुलावर आलेलं रोप उपटल्यानंतरही बी तयार करू शकतं. पिशव्यांत भरून जागेच्या मालकाने सांगितलेल्या ठिकाणी न्यायची. आणि हे सलग काही वर्षं करायचं. तिथून परतताना बुटांचे तळवे घासून साफ करायचे, नाहीतर बी आपल्याच पायांनी पुढच्या पायवाटेवर जातं.

बकथॉर्नचं झुडूप नुसतं कापलं तर बुंध्यातून दुप्पट फुटतं. जपानी नॉटवीड खणून काढताना मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी नवं झाड उभं राहतं. म्हणून काय, कधी, कसं काढायचं हे सल्लागाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. तणनाशक लागणार असेल तर ते काम परवानाधारक मोठ्या माणसाचं, मुलांचं नाही.

आणि मोजा. चार काठ्यांची एक मीटर बाजूची चौकट करा, ठरलेल्या दहा जागांवर टाका, आतली रोपं मोजा, लिहा. दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागांवर. आमच्या ट्रूपमधल्या एका मुलाचे आकडे दुसऱ्या वर्षी वाढले होते. तो रडवेला झाला. सल्लागाराने समजावलं की वरची मोठी रोपं गेल्यामुळे मातीतल्या बियांना उजेड मिळाला आणि त्या एकदम रुजल्या. तिसऱ्या वर्षी आकडा निम्म्यावर आला. त्याच्या अहवालातलं सर्वांत चांगलं पान तेच होतं, दुसऱ्या वर्षीच्या वाढलेल्या आकड्याचं.

पक्ष्यांसाठी घरटी बनवली तर?

पेट्या बनवणं हे एका शनिवारचं काम, त्यांची देखभाल करणं हा प्रकल्प. ब्लूबर्डच्या पेटीचं दार दीड इंच व्यासाचं हवं. दाराखाली बसायची दांडी अजिबात नको, ब्लूबर्डला ती लागत नाही आणि तिचा फायदा हाउस स्पॅरोला होतो. तळाला पाणी जायला भोकं, वर हवा यायला फट, धातूचा खांब आणि त्यावर साप-रॅकून चढू नये म्हणून अडसर. पेटी मोकळ्या गवताळ जागी. मग मार्चपासून ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला जाऊन अंडी, पिल्लं, उडून गेलेली पिल्लं यांची नोंद. कॉर्नेल लॅबच्या नेस्टवॉच प्रकल्पात ही नोंद भरता येते, म्हणजे ती शास्त्रज्ञांच्या कामी येते.

इथले मूळचे जवळजवळ सगळे पक्षी १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची अंडी किंवा नांदतं घरटं हलवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

ईगलचा प्रकल्पच इथे चालेल का?

तो संवर्धनाचा असेल आणि इथल्या कसोट्यांना उतरत असेल, तर चालू शकतो. पण ईगलचा प्रकल्प मुख्यतः नेतृत्व दाखवण्यासाठी असतो आणि तो शाळेचा, धार्मिक संस्थेचा किंवा गावाचा कोणताही उपयोगी प्रकल्प असू शकतो. बाकं बनवून ईगल मिळतो, हा पुरस्कार नाही. दोन्हींसाठी एकच प्रकल्प करायचा असेल तर सुरुवातीलाच सल्लागाराला तसं सांगा. ईगल झाल्यावर जुन्या प्रकल्पाला संवर्धनाची झालर लावू नका, ती दिसून येते.

किती वेळ लागतो?

दीड-दोन वर्षं सहज. ऋतू कोणासाठी थांबत नाहीत, एक वसंत चुकला की पुढच्या वसंताची वाट बघायची. सोळा पूर्ण होण्याआधी पहिला प्रकल्प सुरू झाला तर जीव मुठीत धरावा लागत नाही. पैसा त्या मानाने कमी लागतो. हातमोजे, कापायच्या कात्र्या, पिशव्या बहुधा जागेचा मालक देतो.

हत्यारं आणि सुरक्षितता?

हाताने चालणारी करवत, लॉपर, फावडं, हे प्रशिक्षण असलेली मुलं वापरू शकतात. चेनसॉ अठरा वर्षांखालच्या कोणीही हातात घ्यायची नाही, यात अपवाद नाही. प्रत्येक कामाला एकवीस वर्षांवरच्या किमान दोन नोंदणीकृत मोठ्या व्यक्ती हजर हव्यात. पॉयझन आयव्ही या अंगाला खाज आणणाऱ्या वेलीची तीन पानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवा, आणि घरी गेल्यावर अंगावर टिक, म्हणजे गोचीड, शोधायला विसरू नका.

घातक पदार्थांच्या विभागात हे जास्तच जपावं लागतं. जुने रंग, पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या मुलांनी स्वतः हाताळायच्या नसतात. मुलांनी लोकांना जागं करावं, दिवस ठरवावा, रांग सांभाळावी आणि वस्तू घ्यायच्या त्या काउंटीच्या माणसांनी. नको असलेली औषधं परत घेण्याचा दिवस देशभर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतो, त्याच्याशी जोडून घेतलं तर गर्दी आपोआप येते.

आईबाबांनी किती मदत करावी?

गाडी चालवा, डबा द्या, पावसात उभे राहा. ईमेल तुम्ही लिहू नका. अहवाल तर मुळीच नको.

हे मी थोडं कळकळीने सांगते, कारण आपल्या घरांत मुलाचं काम नीटनेटकं दिसावं म्हणून आपला हात आपोआप पुढे जातो. मंजुरी देणाऱ्यांनी शेकडो अर्ज पाहिलेले असतात. चौदा वर्षांच्या मुलाची भाषा आणि चाळीस वर्षांच्या इंजिनिअरची भाषा त्यांना पहिल्या परिच्छेदात कळते. मुलाने चुकीचा आलेख काढला तर त्याला विचारा, हा असा का? तो परत काढेल.

लहान मुलांसाठी किंवा छोट्या पल्ल्याचं काही आहे का?

आहे. वर्ल्ड कॉन्झर्वेशन अवॉर्ड मुख्यतः बॅजवर मिळतो. स्काउटने पर्यावरणशास्त्र किंवा शाश्वतता यांपैकी एक, माती-पाणी किंवा मासे-वन्यजीव यांपैकी एक, आणि सिटिझनशिप इन द वर्ल्ड हे बॅज मिळवायचे. शेवटचा ईगलसाठी लागतोच, म्हणून बऱ्याच मुलांचा हा पुरस्कार एका बॅजवर अडलेला असतो आणि त्यांना ते माहीतही नसतं. कब स्काउटसाठी, म्हणजे लहान वयाच्या स्काउटसाठीही, त्याची वेगळी आवृत्ती आहे.

भटकंतीची आवड असलेल्यांसाठी फिफ्टी-माइलर : इंजिनाशिवाय किमान पाच सलग दिवसांत ५० मैल, आणि वाटेवर दहा तास पायवाट दुरुस्तीसारखं काम. पावसाचं पाणी पायवाटेवरून बाजूला काढणारा आडवा बांध एकदा स्वतः घातला की माती कशी वाहते हे कायमचं समजतं.

कॉलेजच्या अर्जाला उपयोग होतो का?

होत असेलही. तेवढ्यासाठीच करायचं असेल तर दुसऱ्या वर्षीच्या गार्लिक मस्टर्डपर्यंत मूल टिकत नाही, हे मी पाहिलं आहे.

अहवालात काय असावं?

पहिल्या दिवसापासूनची वही. तारीख, हवामान, कोण आलं, किती तास, काय केलं, काय चुकलं. एकाच जागी खुंटी ठोकून तिथूनच काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो. मोजणीचे आकडे, चांगले-वाईट सगळे. जागेच्या मालकाचं पत्र. आणि आपण गेल्यावर हे काम कोण पुढे नेणार, याबद्दल एक पान. शेवटचं पान मुलं विसरतात, परीक्षक आधी तेच शोधतात.

अर्ज परत आला तर?

बहुतेक वेळा कारणं लिहून येतात : मोजणी अपुरी, दोन प्रकल्प एकाच विभागातले, मुलाचं नेतृत्व दिसत नाही. सल्लागाराबरोबर बसून ती एकेक वाचा. अठरा पूर्ण व्हायला वेळ असेल तर उरलेलं काम करून पुन्हा पाठवता येतं. आमच्या ट्रूपमधल्या एका मुलीचा ओढ्याचा अर्ज असाच परत आला, कारण तिने पाण्याचे नमुने फक्त उन्हाळ्यात घेतले होते. तिने नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याला पुन्हा नमुने घेतले, बर्फ फोडून. फेब्रुवारीत दगडाखाली तिला स्टोनफ्लायची अळी सापडली. ती फक्त स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात जगते. त्या संध्याकाळी तिने मला फोटो पाठवला, अर्जाबद्दल एक शब्दही नव्हता.